मंगलची नजर आणि माझी सही

मंगल माझ्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटी. आमच्या घरात आधी तिचा आवाज यायचा आणि मागून ती. राहू या आमच्या गावी थोडी जमीन होती आणि आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, वीस-पंचवीस मेंढरं होती. आजोबांचा सगळा जन्म मेंढरांमागे चालण्यात गेला. आबांनी घर बांधलं, विहीर खोदली, पण मेंढरं काही सोडली नाहीत. म्हणायचे, "हातात काठी नसली तर मला नीट उभं राहता येत न्हाई." संध्याकाळी मंगल बांधावर उभी राहून हाळी द्यायची आणि लांब ओढ्यापलीकडची मेंढरं माना वर करायची. आबा हसून म्हणायचे, "माझ्या हाळीला मेंढरं विचार करत्यात. हिच्या हाळीला निघत्यात."

हे मी ज्या दिवसांबद्दल लिहितो आहे तेव्हा मी तिशीला टेकलो होतो. तरी मी याला मोठं होण्याचंच प्रकरण म्हणतो. मिशा कधीच आल्या होत्या, पगार सुरू झाला होता, आतलं मोठं होणं मात्र राहिलं होतं. ते मंगलमुळे झालं, आणि त्याची किंमत तिला मोजावी लागली. घरात आजही असंच सांगतात की मंगलची नोकरी आजारानं गेली. तीस वर्षं मी मान हलवत आलो. आता साठी उलटली आहे. मान हलवणं पुरे झालं.

कारेगावच्या आसपास कारखाने उभे राहायला लागले तेव्हा मला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या एका कारखान्यात काम मिळालं. तीन-चार वर्षांत मी लाइनचा सुपरवायझर झालो आणि मंगललाही तिथंच लावून घेतलं. आम्ही कारेगावात पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या. आई आमच्यासोबत राहायला आली, आबा राहूला मेंढरांपाशी राहिले. शेजारच्या खोलीत बिहारकडची चार पोरं होती. पहाटे त्यांचा कुकर आणि आमच्या आईचं भाकरी थापणं एकदमच सुरू व्हायचं. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज तर भिंतीतच मुरलेला. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "हिथं झोप कशी लागायची?" आणि आठ दिवसांनी राहूला गेली तर तिला तिथल्या शांततेनं झोप लागेना.

रविवारी आबा एसटीनं यायचे. पिशवीत हुलग्याचं पीठ, वांगी, कधी लोकरीचं गाठोडं. हुलग्याचं पीठ आलं की शेंगोळे ठरलेलेच. लसूण, मिरची घालून आई पीठ मळायची आणि ते तळहातावर वळून फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं काम मंगलचं. तिचे शेंगोळे करंगळीएवढे बारीक आणि सगळे सारखे. मी वळले की आबा ताटात एखादा उचलून विचारायचे, "ही लाटणी कुणी घातली कालवणात?"

कारखान्यात बायकांची लाइन होती. समोर लाकडी बोर्ड, त्यावर खिळे, आणि बाजूच्या घोडीवर रंगीत वायरींच्या गड्ड्या टांगलेल्या. ठरलेल्या रंगाची वायर ठरलेल्या भोकात बसवायची. ड्रॉइंगवर रंगांची नावं इंग्रजीत, तीही एकेका अक्षरात. बायकांनी ती नावं पहिल्याच आठवड्यात मोडीत काढली आणि स्वतःची ठेवली. पिवळी ती हळद, लाल ते कुंकू, तपकिरी म्हणजे चिंचोका, हिरवी मेथी, निळी शाई, करडी राख. मंगलच्या शेजारी शकूताई बसायची. शिक्रापूरला भाड्याच्या खोलीत राहणारी, जिभेनं तिखट, मनानं मऊ. ती पहिली वायर उचलतानाच सुरू करायची आणि सगळ्या लाइनचे हात तिच्यामागे चालायचे: हळद, कुंकू, चिंचोका, मेथी, शाई, राख. दळण दळल्यासारखी त्याला एक लय होती. दिवसभर ते माझ्या कानात असायचं, जेवतानासुद्धा मी त्या तालावर घास घ्यायचो.

मंगलचं बिघडत गेलं ते इतकं हळूहळू की कुणालाच कळलं नाही. आधी तिला झोप पुरेना. मग चैत्रात ती स्वेटर घालून कामाला यायला लागली. तोंड सुजल्यासारखं दिसू लागलं. आई म्हणाली, पोरीला कारखान्याचं पाणी मानवलं. केस न्हाणीच्या मोरीत अडकायला लागले. कालवणात मीठ दोनदा पडायचं किंवा पडायचंच नाही. एकदा शेंगोळे वळायला बसली आणि एकच शेंगोळा हातात घेऊन बघत राहिली, पाणी आटून गेलं तरी. आणि तिचा तो आवाज खाली खाली उतरत गेला, घोगरा झाला. लाइनवरच्या बायका तिला चिडवायच्या, "मंगलराव, जरा सरका." ती हसायची. तेही उशिरा. विनोद झाल्यावर बाकीच्या हसून गप्प झाल्या की मग मंगल हसायची.

मी हसलो नाही. मी रागावलो. भाऊच सुपरवायझर आहे म्हणून बहीण टंगळमंगळ करते असं कुणी म्हणेल याची मला सारखी धास्ती. घरीदारी तिच्या मागे लागलो. "आळस चढलाय तुला. राहूला पाठवू का परत मेंढरांमागं?" ती म्हणायची, "न्हाई रे दादा. डोक्यात धुकं भरल्यावानी होतं. एखादा शब्द हाताशी असतो आन् घ्यायला गेलं की पुढं सरकतो." मी म्हणायचो, लवकर झोपत जा. ती तर आठलाच झोपत होती.

एक दिवस मोठे साहेब लाइनवर आले. शकूताई रंगात आली होती. साहेबांनी थोडं ऐकलं आणि मला म्हणाले, "हा कारखाना आहे की भाजीमंडई?" माझे कान तापले. त्याच दुपारी मी सांगून टाकलं, उद्यापासून लाइनवर कुणी बोलायचं नाही. पुठ्ठ्यावर लिहून पाटीही टांगली. एवढ्यावर थांबलो नाही. कोणी कुठे गड्ड्या टांगल्या होत्या त्या सगळ्या घोड्यांवर मी स्वतःच्या हातानं ड्रॉइंगप्रमाणे लावल्या. शकूताई म्हणाली, "मंगलचा दादा, गाणं बंद करा, हरकत न्हाई. पर गड्ड्या राहू द्या की आमच्या आम्हाला."

"ड्रॉइंग काय शोभेला हाय का?" मी म्हणालो.

तिनं मंगलकडे बघितलं. ते बघणं मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघताना मंगल नळापाशी थांबली. हातात कळशी तशीच. "दादा, एक सांगू का? रागावू नको. मला मेथी आन् शाई येकच दिसाया लागलीय. उजेडात नेलं, लई वेळ बघितलं, तर कळतं. पर तेवढा वेळ बोर्डावर मिळत न्हाई. मला पॅकिंगला टाक थोडे दिवस."

आता सांगतो तेव्हा मी काय केलं. महिन्यापूर्वी कारखान्यात डोळे तपासणीचं शिबिर झालं होतं आणि मंगलनं तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचली होती. तो कागद माझ्या डोक्यात होता. मी म्हणालो, "नंबर न्हाई तुला. पॅकिंगला बसून झोपायचंय, ते सांग सरळ." पॅकिंगला तिला टाकलं असतं तर लाइनवर एक जागा रिकामी पडली असती आणि साहेबांना कारण सांगावं लागलं असतं. ती वळली. कळशी आत ठेवून माझ्यामागं चालायला लागली.

त्या आठवड्याचा माल गेला आणि परत आला. गाडीचा इंडिकेटर द्यायला गेलं की हॉर्न वाजत होता. दोन वायरींची अदलाबदल, हिरवीच्या भोकात निळी आणि निळीच्या भोकात हिरवी. लाइनवर आधी सगळे हसले. मग नगावरचा बोर्डनंबर बघितला आणि हसू थांबलं. तो मंगलचा होता.

आमच्याकडे नियम असा की प्रत्येक पाळीला प्रत्येक बोर्डावरचा पहिला नग सुपरवायझरनं स्वतः तपासायचा, मगच बाकीचे बनवायचे. त्याच्या कार्डावर सही करायची. मंगल नळापाशी बोलली त्या सकाळी मी पाटी नीट बसली का ते बघण्यात आणि बायकांना गप्प करण्यात गुंतलो होतो. पाळीच्या शेवटी सगळ्या कार्डांवर एका दमात सह्या ठोकल्या. मंगलचा पहिला नग मी हातात घेतलाच नव्हता. घेतला असता तर एकच नग चुकला असता.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं: पहिला नग तपासला, बरोबर होता, त्यानंतर ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे चूक झाली. अक्षर चांगलं काढलं होतं. साहेबांनी मंगलला आत बोलावलं आणि माझ्यासमोरच विचारलं, "हे खरं आहे का?" मंगल माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवसांत तिचं उत्तर यायला नेहमीच वेळ लागायचा, पण तो वेळ मला फार मोठा वाटला. मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "व्हय, साहेब. माझंच चुकलं." दुपारच्या जेवणाआधी तिनं गेटवर ओळखपत्र देऊन टाकलं.

रविवारी आबा आले. आईनं दारातच सगळं सांगितलं. आबांनी पिशवी ठेवली, पाणी प्यायले आणि गाठोडं सोडून लोकर जमिनीवर पसरली. "मंगल, ये. काळी आन् करडी येगळी कर." हे काम ती परकर नेसत होती तेव्हापासून करायची. काळ्या लोकरीत करड्या रंगाची एक बट लपलेली असली तरी तिची बोटं तिथं जायची. मी खाटेवर पेपर धरून बसलो होतो. मंगलनं निवडायला घेतलं. दोन ढीग झाले. आबांनी दोन्ही ढिगांत हात घातला. दोन्हीकडे दोन्ही रंग होते.

आबांनी दोन्ही ढीग परत एकत्र केले. मग मला म्हणाले, "तू म्हणतोस ही आळशी झाली. हिथं कुणी साहेब हाय का? ही माझ्यापुढं कशापायी आळस करील?" त्यांनी मंगलला उंबऱ्यापाशी उजेडात बसवलं, हनुवटी वर केली आणि अंगठ्यानं हळूच तिचा गळा चाचपला, कोकराचा चाचपतात तसा. "गिळ बघू." तिनं आवंढा गिळला. "हितं गाठ हाय. मी बघितलीत असली कोकरं. गळा सुजलेला, लोकर पातळ, उन्हात बी कुडकुडणारी. हाळी दिली तर ऐकत्यात, पर उठायला येळ लागतो. तवा आम्हाला वाटायचं, मेंढीचं दूधच आळशी. तसं नसतंय. त्या गळ्यातच कायतरी कमी असतंय."

"आबा, माणसाचं आन् मेंढराचं एक असतंय व्हय?" मी म्हणालो.

"गळा मेंढराला बी असतो," आबा म्हणाले. "उद्या रजा टाक."

शिरूरला एक वयस्कर डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मंगलचा हात धरला तेव्हाच त्यांच्या कपाळाला आठी पडली, हात इतका गार होता. गळा बघितला. मग तिला खुर्चीवर गुडघे टेकून बसवलं आणि घोट्यामागं रबरी हातोडीनं टिचकी मारली. पाऊल झटक्यात हललं, आणि परत जागेवर यायला मात्र सावकाश, अगदी सावकाश निघालं, उतारावरून म्हातारं माणूस येतं तसं. बाईंनी दोनदा मारून मला दाखवलं. "हे बघा. तुम्ही हिला आळशी म्हणत असाल. हिचं पाऊलसुद्धा आळशी आहे का?"

रक्त पुण्याला गेलं. रिपोर्ट आला तेव्हा बाईंनी समजावलं ते मला शब्द न् शब्द आठवतं, कारण तसं समजावून सांगणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. म्हणाल्या, "तुमच्याकडे संध्याकाळी लाइट डिम होते ना? बल्ब जळलेला नसतो, पंखा बिघडलेला नसतो. व्होल्टेज पडलेलं असतं. गळ्यातली ही थायरॉइडची गाठ शरीराचं व्होल्टेज सांभाळते. तिचा रस कमी पडला की सगळं मंद होतं. हृदय, पोट, आवाज. आणि सगळ्यात आधी मेंदू. आठवण आहे, पण हाताशी यायला वेळ लागतो. विनोद कळतो, पण उशिरा."

मी डोळ्यांचं विचारलं. शिबिराचा कागद दाखवला. त्या हसल्या. "तक्त्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरं. ती दिसणारच. फिक्या-फिक्यातला फरक, जवळजवळच्या रंगांमधला फरक, तो जाऊ शकतो. बघणं काय एकट्या डोळ्याचं असतं का? डोळ्यानं पाठवलेलं मेंदूनं घ्यावं लागतं. हिचं ते पोचायलाच उशीर होतोय." मग म्हणाल्या, "पोटातल्या बाळाचा मेंदू याच रसावर घडतो. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशीसुद्धा. म्हणून हिचं लग्न ठरलं की मला आधी सांगायचं. ही गोळी जन्मभर."

मंगलनं एवढंच विचारलं, "म्हंजी मी येडी न्हाई झाले?"

"नाही गं बाई," त्या म्हणाल्या. मंगल रडली. ते रडणं मात्र उशिरा आलं नाही.

गोळी अगदी बारीक, पांढरी. ती उठल्याबरोबर रिकाम्या पोटी घ्यायची आणि अर्धा तास चहासुद्धा नाही. आमच्या घरात हे पेलणं अवघड होतं, कारण आईच्या मते चहाआधी माणूस जागंच नसतं. आईनं तोड काढली: मंगलचा अर्धा तास होईपर्यंत घरात कुणालाच चहा नाही. मग आम्ही तिघं भिंतीवरच्या घड्याळाखाली बसायचो. शेजारचा बिहारी पोरगा एकदा डोकावून म्हणाला, "अम्मा, आज चाय नहीं?" आई म्हणाली, "मंगल का अभी सात मिनट बाकी है." आईचं हिंदी तेवढंच, पण मिनिटं अचूक.

दोन महिन्यांनी स्वेटर पेटीत गेला. मग शब्द परत आले, मग विनोद वेळेवर. आवाज सगळ्यात शेवटी आला. एका रविवारी आबांनी लोकर पसरली आणि कुणी सांगायच्या आत मंगल येऊन बसली. आबांनी ढिगांत हात घातला, बराच वेळ शोधलं आणि मला म्हणाले, "तूच शोध बाबा एखादी बट. मला तर गावंना." मीही शोधली. नव्हती.

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. पण त्या रिपोर्टनं मला फार सोयीची जागा दिली. सगळे म्हणायला लागले, बिचारीची चूक नव्हती, आजारानं झालं. मीही म्हणालो. आजाराला काय, कुणीही नाव ठेवावं. कारखान्यात जाऊन साहेबांना खरं सांगणं तर लांबच. मंगलनं परत कामाचं विचारलं नाही, मी काढलं नाही. पुढं तिचं लग्न दौंडला झालं. डॉक्टरबाईंना आधी सांगितलं. दिवस राहिले तेव्हा गोळीचं प्रमाण पुन्हा पुन्हा तपासून वाढवलं, आणि तिचा मुलगा जन्मला तो असा की त्याच्या रडण्यानं दवाखान्यातल्या बाकीच्या बाया उठून बसल्या. हाळी दुसऱ्या पिढीत गेली, आबा म्हणाले.

कारखाना आता बंद आहे. तिथली कार्डं, खुलासे सगळं रद्दीत गेलं असणार. दुरुस्ती करायला कागदच उरला नाही, म्हणून ती इथं करतो. पहिला नग मी तपासला नव्हता. सही माझी होती. ऑपरेटरनं त्याच सकाळी स्वतःहून सांगितलं होतं की तिला दोन रंग ओळखता येत नाहीत. निष्काळजीपणा तिचा नव्हता.

हे लिहून झाल्यावर मी दौंडला गेलो. मंगलचं तिथं मॅचिंगचं दुकान आहे. साडीवर जुळणारं कापड हवं असलं की आसपासच्या गावांतून बायका तिच्याकडे येतात. ती पदर एकदा हातात घेते आणि वर न बघता मागच्या फडताळातून नेमका तुकडा ओढते. गिऱ्हाईक कमी झाल्यावर मी तिला हे सगळं वाचून दाखवलं. ती हातातली कात्री चालवत ऐकत होती. फक्त शेंगोळ्यांपाशी हसली. वेळेवर.

वाचून झालं. मी चष्मा काढला. ती म्हणाली, "सहीचं मला तवाच ठाऊक होतं. माझ्या बोर्डापाशी तू सकाळधरनं आलाच न्हवतास. मी काय आंधळी होते?"

"मग साहेबांपुढं का न्हाई बोललीस?"

"दोघांची नोकरी घालवायची व्हय? खोलीचं भाडं कुणी दिलं असतं, आबांच्या मेंढरांनी?" तिनं कात्री बाजूला ठेवली. "ते ऱ्हाऊ दे. तू गाणं चुकीचं लिवलंयस."

"कुठलं?"

"शकूताईचं. मेथीनंतर शाई न्हवती. मेथीनंतर राख, मग शाई. ड्रॉइंगात होतं ते तू लिवलंस. आम्ही तसं म्हणत न्हवतो." मग तिनं सांगितलं. तिला दोन रंग ओळखू येईनासे झालेत हे शकूताईला माझ्या दोन महिने आधी कळलं होतं. तिनं सगळ्या लाइनचं गाणं बदललं आणि मंगलच्या घोडीवर करडी गड्डी हिरव्या आणि निळ्या गड्डीच्या मध्ये टांगली. राखेच्या अलीकडची मेथी, पलीकडची शाई. रंग नाही दिसला तरी जागा चुकत नव्हती. दोन महिने मंगलच्या हातून एक नग चुकला नव्हता.

गड्ड्या मी लावल्या होत्या. माझ्या हातानं. ड्रॉइंगप्रमाणे.

"हे तू कधीच सांगितलं न्हाईस," मी म्हणालो.

"तू कवा इचारलंस?" मंगल म्हणाली. तेवढ्यात एक बाई साडीची पिशवी घेऊन आली. मंगल उठता उठता म्हणाली, "गाणं तेवढं नीट कर दादा. शकूताईनं वाचलं तर काय म्हणंल?"

वर लिहिलेलं मी खोडलेलं नाही. धुकं कुणाच्या डोक्यात होतं ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून तसंच ठेवलं आहे. बरोबर क्रम असा होता: हळद, कुंकू, चिंचोका, मेथी, राख, शाई.